उजवीकडची पानं

कामरगाव
१६ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. रुख्मिणी,

आशीर्वाद हा शब्द लिहिण्याआधी हात थांबला. आजीच्या तेराव्याला तू आलीस, पंगतीत वाढलंस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता दुपारच्या एसटीने परत गेलीस, त्याला तीन वर्षं झाली. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचा आशीर्वाद कोण घेईल? तरी लिहितो. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

पत्राला कारण तुझी बहीण आहे. तुळसा आता नववीत आहे. त्यांच्या वर्गात दोन डिसेंबरला, शनिवारी, वादविवाद आहे. मुलीच्या लग्नाचं वय सरकारने यंदा अठरा केलं, ते योग्य झालं की नाही, हा विषय. इंगोले सरांनी खडूच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि दहा मुलांना एकेक उचलायला लावली. तुळसाच्या चिठ्ठीवर 'विरोधात' निघालं. म्हणजे मुलीचं लग्न लवकर करावं, अशा बाजूने तिला पाच मिनिटं बोलायचं आहे.

घरी आली ती दप्तर आपटूनच. तुझी आई चुलीपुढून म्हणाली, "मनात नाई ते कायले बोलतं? मास्तरले म्हनावं, दुसरी चिठ्ठी दे."

"देत नाईत. सर म्हनतात, तुमचं मत घरी ठेवून या. इथं बाजू मांडाची."

मला हे नवीनच. मी चौथीपर्यंत शिकलेला. आमच्या वेळी गुरुजी म्हणतील ते पाठ करायचं, एवढंच शिक्षण. रोज संध्याकाळी मारुतीपुढे दिवा लावणारा माणूस मी. मनात एक आणि तोंडात एक, हे मला पाप वाटतं. तसं मी तुळसाला बोललो. ती म्हणाली, सर सांगतात की समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, तेव्हा आपल्याला तो माणूस कळतो.

मग तिने वही उघडली. डावीकडच्या पानावर आपला मुद्दा लिहायचा, उजवीकडच्या पानावर त्यावर समोरचा काय म्हणेल ते, अशी सरांची रीत आहे. डावीकडे वर तिने लिहूनच आणलं होतं: 'बाबांची कारणं'.

"बाबा, तुमी ताईचं लगन चौदाव्या वर्षी करून देल्लं. काहून देल्लं ते सांगा. तुमच्यापाशी कारणं असतीनच ना."

असतील असं मलाही वाटलं. मी म्हणालो, वयात आलेली पोर घरात ठेवली की लोक बोलतात. तिने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी उजवीकडे वाचलं: 'जे लोक बोलत होते, ते आता ताईच्या घरी पाणी भरायला जातात का?'

हे तुला लिहावंसं वाटलं. बाकी सर्व ठीक.

तुझा बाबा
जानराव

•

२१ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. रुख्मिणी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून लिहिलंही नव्हतं.

कापसाची वेचणी चालू आहे. शनिवारी शाळा अर्धा दिवस, म्हणून तुळसा दुपारी वावरात आली. बायका आपापल्या ओळीची पात धरून वेचत होत्या. तुळसाने कापूस वेचता वेचता बोलण्याचा सराव सुरू केला आणि सगळं वावर त्यात पडलं.

गोजराबाईने विचारलं, "कोन्या पार्टीची वो तू?"

"विरोधी."

"मंग हरली तू. विरोधीले कोन मत देते?"

लिलाबाई म्हणाली, "मत नाई देनं पडत मावशे, बोलनं पडते नुसतं."

"असं? मंग मी बोलतो ना! माह्यं लगन झालं तवा मी एवढीशी. नवऱ्याले काका म्हनलं म्या. सासूनं गालफडात देल्ली. म्हने, काका नोहे, मालक हाये तुह्या!" बायका हसून कापसात बसल्या. तुळसाने विचारलं, "मंग मावशी, लवकर लगन चांगलं का वाईट?" गोजराबाईने कमरेला खोचलेल्या वटीतला कापूस दाबला आणि म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाई आजलोक. तूच पयली." आणि ती पात सोडून पुढे निघून गेली.

त्या दिवशी मी तुळसाला दुसरं कारण दिलं. आजी आजारी होती, तिला नातीचं लग्न डोळ्यांनी पाहायचं होतं. तुळसाने उजवीकडे लिहिलं: 'आजी त्यानंतर सहा वर्षं जगली.' तुझी आई हसली. मला हसू आलं नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. तुळसाला स्थळ आलं आहे. मंगरूळपीरकडचे दौलतराव. आपल्या शाळेच्या कमिटीवर आहेत. मुलगा कारंज्याला कापूस खरेदी केंद्रावर नोकरीला आहे, वय चोवीस. दिवाळीत दोनदा येऊन गेले. त्यांना लग्न येत्या उन्हाळ्यात हवं आहे. मी नाही म्हटलेलं नाही. पोरीच्या मनाचा अंदाज घेऊन सांगतो, असं म्हणून वेळ काढला आहे. खरं सांगायचं तर अंदाज घेण्याचं माझ्या मनात नव्हतं. नोकरीवाला मुलगा आहे, हो म्हणून टाकावं असंच होतं. तुळसाला माहीत आहे. तिने त्याबद्दल मला एक शब्द विचारला नाही. कारणं तेवढी विचारते आहे.

जानराव

•

२८ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. रुख्मिणी,

तिसरं कारण मला स्वतःला फार पटलेलं होतं, म्हणून ते नीट सांगितलं. मिरचीचं रोप लहान असतानाच वाफ्यातून उपटून लावतात. मोठं झाल्यावर हलवलं तर मूळ धरत नाही. लहान मुलगी सासरी तशीच रुजते. तुळसा म्हणाली, "हे चांगलं हाये बाबा. याले टाळ्या पडतीन." मला बरं वाटलं. कशाचं बरं वाटलं कोण जाणे.

काल ती शाळेत गेल्यावर मी वही उघडली. उजवीकडे लिहिलं होतं: 'रोप लावल्यावर पहिले दिवस आपण रोज पाणी घेऊन जातो. सावलीला डहाळी खोचतो. ताईकडे कोण गेलं?'

मी वही मिटून ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेलो.

रुख्मिणी, कोणी गेलं नाही. दुष्काळाच्या साली तुझं पहिलं बाळ गेलं, तेव्हाही निरोप आला आणि मी निरोपच पाठवला. मग त्र्याहत्तरच्या दिवाळीत तू गाठोडं घेऊन आलीस. म्हणालीस, मला इथं राहून शिकायचं आहे, बाहेरून परीक्षेला बसते. मी तिसऱ्या दिवशी तुला एसटीत बसवलं आणि स्वतः सासरच्या गावी, मानोऱ्यापर्यंत पोचवायला आलो. सगळ्या वाटेत तू खिडकीबाहेर पाहत होतीस. उतरताना मी म्हणालो, जावयांना नमस्कार सांग. एवढंच म्हणालो. पाच वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

चौथं कारण मी दिलं की चांगलं स्थळ पुन्हा येत नाही. तुळसा म्हणाली, "माह्यासाठी आलं ना पुन्हा." ते तिने लिहिलंसुद्धा नाही.

पाचवं कारण मी सर्वांत शेवटी सांगितलं. पोरगी कबूल होती. रुख्मिणी नाही म्हणाली नव्हती.

तुळसाने डावीकडे ते लिहिलं आणि टाक खाली ठेवला. मग म्हणाली, "याचं उत्तर मले नाई लिहिता येत. मी तवा सहा वर्साची होती. हे ताईलेच माहीत." उजवीकडचं पान तिने कोरं सोडलं आहे.

तू कबूल होतीस ना? 'नाही' असं तर म्हणालीच नव्हतीस.

जानराव

•

२ डिसेंबर १९७८

चि. सौ. रुख्मिणी,

आज वादविवाद झाला. लगेच लिहितो आहे.

मी शाळेत गेलो होतो. बोलावणं नव्हतं. वर्गाच्या खिडकीला लागून कडुनिंब आहे, त्याच्याखाली उभा राहिलो. पुढे खुर्चीवर दौलतराव बसलेले दिसले. शाळेचं छप्पर पाहायला आले होते, तर सरांनी पाहुणे म्हणून बसवून घेतलं. मला पाहून त्यांनी मान हलवली.

आधी चार मुलं बोलली. पाठ केलेलं भराभर म्हणून खाली बसली. मग तुळसा उठली. तिने वही बंद करून टेबलावर ठेवली आणि बोलू लागली. रुख्मिणी, माझीच वाक्यं. पण मी ती कधी इतकी चांगली बोललो नव्हतो. आजीच्या आजाराचं सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी डोळे पुसत होती. मिरचीच्या रोपाला टाळ्या पडल्या. दौलतरावांनीही वाजवल्या. मला वाटलं, ही माझ्यासाठी कोर्टात उभी आहे आणि मी सुटतो आहे.

चार कारणं झाल्यावर ती थांबली. सर म्हणाले, "अजून एक मिनिट आहे तुळसा." ती म्हणाली, "अजून एक मुद्दा होता सर, पण त्याचं उत्तर मला माहीत नाही. म्हणून तो मी मांडत नाही." आणि बसली.

विरोधी बाजूत तिचा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून सरांनी शाईचा पेन दिला. घरी येताना ती माझ्या पुढे चार पावलं चालत होती. मी म्हणालो, "मस्त बोलली." ती मागे न वळता म्हणाली, "तुमीच बोलले बाबा. म्या नुसतं तोंड देल्लं." घरी आल्यावर पेन तिने तुझ्या आईच्या हातात दिला आणि गोठ्यात जाऊन रडली. जिंकून रडणारं माणूस मी आज पाहिलं.

जानराव

•

५ डिसेंबर १९७८

चि. सौ. रुख्मिणी,

आपल्याकडे काय समज होऊ शकतो, ते मला शनिवारीच कळायला हवं होतं. चारचौघांत बोललं की तो शब्द झाला. खेड्यात दुसरं काही कोणाला माहीत नाही.

रविवारी सकाळी दौलतराव दोन माणसं घेऊन आले. सोबत साडी-खण, नारळ, सुपारी. ओट्यावर बसत म्हणाले, "जानराव, तुमी म्हनत होते पोरीच्या मनाचा अंदाज घेतो. आता कायचा अंदाज? पोरीनं भर वर्गात, मास्तरासमोर, माह्यासमोर सांगतलं. येवढी समजदार पोर म्या पायली नाई."

मी म्हणालो, तो वादविवाद होता. तिला चिठ्ठी निघाली होती.

"चिठ्ठी काई का असंना, बोलली ना? टाळ्या वाजवल्या तुमच्या पोरीसाठी. आन् कायद्याचं म्हनसान तर तो मुंबईच्या कागदावर. लगन आपल्या मांडवात होते." त्यांच्या सोबतचा माणूस म्हणाला, "शाळेतली जन्मतारीख तरी कुठं खरी असते! गुरुजीनं दात मोजूनच लिहिली असंन." सगळे हसले. दौलतरावांनी सुपारी माझ्यापुढे धरली.

तुळसा दाराआड उभी होती. तिच्या पायांची बोटं मला उंबऱ्यावर दिसत होती. कालपर्यंत ती माझ्या बाजूने बोलून दमली होती. आता तिच्या बाजूने बोलायला घरात कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "तुळसा, वही आन."

तिने आणून दिली. मी दौलतरावांना म्हणालो, "तिनं शाळेत जे सांगतलं ते या डाव्या पानावरचं हाये. हे माह्ये शब्द. म्या सांगतले, तिनं लिवून घेतले. तिचे शब्द उजव्या पानावर हायेत. ते तिथं बोलाची पाळी नव्हती तिची. आता मी वाचतो." आणि वाचलं. पाणी भरणाऱ्या लोकांचं वाचलं. आजीचं वाचलं. रोपाचंही वाचलं.

दौलतराव म्हणाले, "म्हंजे पोर भर वर्गात खोटं बोलली?"

"ती खरं बोलली. खोटं असंन तर तो माह्या माल हाये. सुपारी उचला दौलतराव. अठरा झाल्याबिगर नाई. आन् तवाबी तिले इचारून."

"नोकरीवाला पोरगा हाये, जानराव. पुन्हा या दारात कोनी येनार नाई."

"नाई येवो."

ते उठले. साडी-खण, सुपारी नेली. रागात नारळ ओट्यावरच राहिला. तुझ्या आईने तो उचलून कोनाड्यात ठेवला. तिला हे स्थळ मनापासून हवं होतं, म्हणून ती मला बोलेल असं वाटलं. तिने भाकरी टाकल्या, मला वाढलं, आणि ताटापुढे बसून हळूच म्हणाली, "रुखमाच्या वक्ती काहून नाई बोलले असं?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

संध्याकाळी नारळ घेऊन देवळात गेलो. इतकी वर्षं मारुतीपुढे उभा राहून मी पाऊस मागितला, गुरांना बरं कर म्हणालो, तुम्हा सगळ्यांचं भलं मागितलं. त्या दिवशी काही मागितलं नाही. सांगितलं. आणि देवाला सांगितलेलं तुला न सांगता ठेवणं बरं नाही, म्हणून घरी येऊन तुळसाच्या वहीतलं कोरं पान मीच भरलं. वही या पत्रासोबत पाठवतो आहे. माझं अक्षर वाईट आहे, म्हणून इथेही लिहितो.

'पोरगी कबूल होती, हे खरं नाही. एकोणसत्तरच्या जूनमध्ये सातवीचा निकाल लागला. ती निकालाचा कागद घेऊन धावत वावरात आली. मी वखराजवळ उभा होतो. तिने विचारलं, बाबा, आठवीची पुस्तकं आणायची का? मी म्हणालो, पाहू. त्या वेळी माझ्या बंडीच्या खिशात सुपारी होती. आदल्या दिवशीच घेतली होती. ती नाही म्हणाली नाही, कारण मी तिला विचारलंच नाही. तिने मात्र मला विचारलं होतं.'

तुळसाने ते वाचलं. बक्षिसाच्या पेनाने माझ्या दोन चुका सुधारल्या आणि वही बांधून दिली. या पानावर काही चुकलं असेल तर तू खोडून टाक. खाली चार ओळी मोकळ्या आहेत.

जानराव

•

२२ डिसेंबर १९७८

चि. सौ. रुख्मिणी,

वही परत आली. मानोऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरने आणून दिली. तुळसाने ती माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

माझ्या लिहिण्यातलं तू काही खोडलेलं नाहीस. खालच्या चार ओळींत एकच ओळ लिहिली आहेस: 'निकालाचा कागद अजून माझ्यापाशी आहे.'

मला किंवा आईला काही निरोप नाही, येण्याजाण्याचंही काही नाही. मी ती ओळ पुष्कळदा वाचली. रागाने लिहिली असशील तर तुझा हक्क आहे. मी तिचा वेगळाही अर्थ लावून पाहिला, पण तुझ्या मनातलं मीच ठरवण्याची सवय आता मोडायला हवी.

इंगोले सरांना विचारून आलो. ते म्हणाले, सातवी पास असेल तर लग्न झालेली बाईसुद्धा घरी अभ्यास करून बाहेरून बसू शकते. लागतील ते कागद ते स्वतः करून देणार आहेत. मंगळवारी कारंज्याला गेलो होतो. पुस्तकाच्या दुकानात आठवीचा सगळा संच मागितला. दुकानदाराने विचारलं, मुलगा की मुलगी? मी म्हणालो, मुलगी. कितवीत आहे म्हणाला. मी म्हणालो, सातवी पास झाली आहे. तुझ्या वेळची पुस्तकं आता बदलली आहेत. ही नवीन आहेत. तुळसाने सगळ्यांना खाकी कव्हर घातलं आहे, आणि नाव घालण्याची जागा रिकामी ठेवली आहे.

रोपाला पाणी घालायला नऊ वर्षं उशीर झाला, हे मला कळतं. तुझा मुलगा तीन वर्षांचा झाला, त्याचं नाव मला बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळलं, हेही कळतं. जावयांना मी वेगळं पत्र घातलं आहे. त्यात फक्त विनंती आहे.

पुढच्या सोमवारी मी मानोऱ्याच्या गाडीने येऊ शकतो. तू म्हणालीस तरच. घरी यायला नको असेल तर स्टँडवरच्या बाकावर बसेन, आणि परतीच्या गाडीने जाईन.

आठवीची पुस्तकं आणू का?

तू 'पाहू' असं लिहिलंस, तरी मी समजेन.

तुझा बाबा
जानराव